खरेदीखतातली एक ओळ आणि वाहनतळावरचे तंबू

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना जानेवारीत फोनवर तीन कार्यक्रमांबद्दल हमखास ऐकायला मिळतं. महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी असते आणि बरीच मुलं त्या दिवशी सेवाकार्याला जातात. लगेच दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, 'रेशियल हीलिंग'चा राष्ट्रीय दिवस असतो. तो २०१७ पासून पाळला जातो. त्या दिवशी गोल करून बसायचं आणि वंशभेदाबद्दल बोलायचं. महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत देशभर बेघर माणसांची गणती होते, तिथेही विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून जातात.

इकडे बसून ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो की कॉलेजात हे चाललंय तरी काय. वंशभेदावरच्या चर्चा आणि बेघरांना मदत, यांचा एकमेकांशी काय संबंध? आणि शिकायला गेलेल्या मुलांनी हे का करायचं?

हे प्रश्न सध्या अमेरिकेतही जोरात विचारले जाताहेत. २०२५ मध्ये नवं सरकार आल्यावर वंशभेदाशी संबंधित कॉलेजांमधल्या उपक्रमांवर गदा आली. त्याच वर्षीच्या जुलैत बेघरांना रस्त्यांवरून हटवण्यावर भर देणारा अध्यक्षीय आदेश निघाला. दोन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या गेल्या. माझ्या मते ही एकच बातमी आहे. का, ते सांगायला मी अमेरिकेच्या वायव्येकडच्या वॉशिंग्टन राज्यातलं सिॲटल शहर निवडलंय, कारण तिथल्या विद्यापीठांनी या दोन गोष्टींमधला दुवा जुन्या सरकारी दफ्तरातून शोधून काढला.

'हीलिंग' म्हणजे नेमकं काय?

वंशभेदामुळे झालेलं नुकसान आधी मान्य करायचं, ज्यांचं झालं त्यांचं ऐकून घ्यायचं आणि मग ते भरून काढण्यासाठी नियम बदलायचे, या सगळ्या प्रक्रियेला हा शब्द वापरतात. आपण तिला 'वांशिक सलोखा' म्हणू. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांच्या एका राष्ट्रीय संघटनेने केलॉग फाउंडेशन या धर्मादाय संस्थेच्या मदतीने दहा ठिकाणी यासाठी केंद्रं निवडली. त्यात ब्राउन, ड्यूक, रटगर्स-नूअर्क, कृष्णवर्णीय मुलींसाठी स्थापन झालेलं स्पेलमन कॉलेज आणि द सिटाडेल हे लष्करी कॉलेजही होतं. आज अशी केंद्रं कितीतरी जास्त आहेत.

या केंद्रांच्या कामाचा आराखडा पाच भागांचा आहे. समाज स्वतःबद्दल जी गोष्ट सांगतो ती तपासणं हा पहिला. माणसांमधली नाती सांधणं हा दुसरा. उरलेले तीन म्हणजे वस्त्यांची फाळणी, कायदा आणि अर्थव्यवस्था. बाहेरच्यांना दिसतो तो दुसरा भाग, कारण गोलात बसलेल्या माणसांचे फोटो छान येतात. पण वस्त्यांची फाळणी समजली नाही तर बाकीच्या चार भागांचा पायाच लागत नाही. कोण कुठे राहू शकत होतं आणि कोण नव्हतं, हे कागदोपत्री ठरवलं गेलं होतं.

खरेदीखतातली ओळ

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये सांगितलं की नगरपालिकेला वंशावरून वस्त्या वाटता येणार नाहीत. ऐकायला चांगला निकाल. त्यावर जमीन विकणाऱ्यांनी पळवाट काढली: सरकारला अट घालता येत नाही ना, मग आम्ही खासगी खरेदीखतातच घालतो. १९२६ मध्ये त्याच न्यायालयाने या खासगी अटींना हात लावायला नकार दिला आणि रान मोकळं झालं.

सिॲटलमध्ये प्लॉट पाडणाऱ्या कंपन्यांनी अशा अटी सर्रास घातल्या. घर गोऱ्या वंशाच्या माणसालाच विकता किंवा भाड्याने देता येईल. काही खतांमध्ये नुसतं 'गोऱ्यांखेरीज कोणी नाही' असं आहे, तर काहींत आफ्रिकी, आशियाई, ज्यू अशी नावं घेऊन बंदी आहे. आणि पुष्कळ खतांमध्ये पुढे एक अपवाद जोडलेला असतो: घरकामाला ठेवलेला नोकर असेल तर चालेल. म्हणजे त्या घरात राबायला हरकत नव्हती, राहायला होती. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त बोचतो तो हा अपवाद. बोईंग विमान कंपनीचे संस्थापक विल्यम बोईंग यांनी शहराच्या उत्तरेला ज्या जमिनी विकायला काढल्या, त्यांच्या खतांतही ही वंशबंदीची अट आहे.

ही अट एका व्यवहारापुरती नसायची. ती जमिनीला चिकटायची. घर दहा हात बदललं तरी अट मागोमाग जायची आणि ती मोडली तर शेजारी कोर्टात खेचू शकायचा. वर १९३० च्या दशकात केंद्र सरकारने घरकर्जांना हमी द्यायला सुरुवात केली, तेव्हा मिश्र वस्त्या धोक्याच्या मानल्या आणि अशा अटी असलेल्या वस्त्यांना झुकतं माप दिलं. कृष्णवर्णीय वस्त्या नकाशावर लाल रंगवल्या गेल्या आणि तिथे कर्ज मिळणं जवळपास अशक्य झालं. सिॲटलमधली कृष्णवर्णीय कुटुंबं 'सेंट्रल डिस्ट्रिक्ट' नावाच्या एका भागात कोंबली गेली.

१९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा अटी राबवायला न्यायालयं मदत करणार नाहीत. तरी अटी लिहायला बंदी नव्हती आणि दलाल त्या मनोमन पाळतच होते. १९६४ मध्ये सिॲटलच्या मतदारांपुढे घरं विकताना आणि भाड्याने देताना होणारा भेदभाव बंद करायचा प्रस्ताव आला. तो दोनास एकापेक्षा जास्त मतांनी फेटाळला गेला! ४ एप्रिल १९६८ ला किंग यांची हत्या झाली, ११ एप्रिलला केंद्रीय कायदा झाला आणि त्याच महिन्यात सिॲटलच्या नगरपरिषदेने आपला कायदा केला.

"मग झालं की! १९६८ ला संपलं ना?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो मनापासून घेतलेला असतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

सामान्य अमेरिकन कुटुंबाची सगळ्यात मोठी पुंजी म्हणजे राहतं घर. १९३५ मध्ये सिॲटलच्या उत्तर भागात घेतलेल्या घराची किंमत पुढच्या पिढ्यांत कितीतरी पटींनी वाढली. त्या घरावर कर्ज काढून मुलांची कॉलेजं झाली, आजारपणं निभावली, नोकरी गेली तेव्हा सहा महिने निघाले. ज्यांना ते घर घेऊच दिलं नाही ती कुटुंबं भाड्याने राहिली आणि भाडं वाढत गेलं. १९६८ मध्ये दार उघडलं, पण तोवर आतल्या घरांच्या किमती चढलेल्या होत्या. पुढे तंत्रज्ञान कंपन्या आल्या, सेंट्रल डिस्ट्रिक्टही महागला आणि जिथे कोंबलं होतं तिथूनही ही कुटुंबं बाहेर फेकली गेली.

आता आजचा आकडा बघा. २०२४ च्या जानेवारीत एका रात्रीच्या गणतीत देशभर ७,७१,४८० माणसं बेघर आढळली. त्यातली सुमारे ३२ टक्के कृष्णवर्णीय होती. लोकसंख्येत त्यांचा वाटा आहे साधारण १२ टक्के. या तफावतीमागे पोलीस, तुरुंग, पगार अशी इतरही कारणं आहेत. पण अडीअडचणीला ज्यावर टेकायचं ते घर पिढ्यान्‌पिढ्या नाकारलं गेलं, हे त्यातलं मोठं कारण आहे.

"बेघर म्हणजे व्यसनी नाहीतर वेडे, असंच ना?"

वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक ग्रेग कोलबर्न यांनी आपल्या सहकाऱ्यासोबत नेमका हाच प्रश्न तपासला. (हे विद्यापीठ सिॲटलमध्ये आहे, राजधानीचं वॉशिंग्टन वेगळं.) एखाद्या शहरात बेघर जास्त आणि दुसऱ्यात कमी, असं का? व्यसनं हे कारण असेल तर लोकसंख्येच्या मानाने अमली पदार्थांमुळे खूप जास्त मृत्यू होणाऱ्या वेस्ट व्हर्जिनियात बेघरही खूप जास्त हवेत. तसे ते नाहीत. गरिबी हे कारण असेल तर डेट्रॉइट पुढे हवं. तेही नाही. सिॲटल, सॅन फ्रान्सिस्को, बॉस्टन ही श्रीमंत शहरंच पुढे आहेत. ज्या शहरात भाडं जास्त आणि रिकामी घरं कमी, तिथे बेघर जास्त, हा एक धागा मात्र सगळीकडे जुळतो.

ते यासाठी संगीत खुर्चीचं उदाहरण देतात आणि मला त्याहून नेमकं काही सापडलेलं नाही. दहा मुलं, नऊ खुर्च्या. बाहेर राहिलेल्या मुलाचा पाय मुरगळलेला असेल तर आपण म्हणतो, पाय मुरगळला म्हणून राहिला. खरं आहे. पण एक जण उभा राहणारच होता, कारण खुर्ची कमी होती. खुर्च्या दहा असत्या तर मुरगळलेल्या पायानेही तो बसला असता. व्यसन, मानसिक आजार, घटस्फोट, गेलेली नोकरी हे सगळे मुरगळलेले पाय. खुर्च्या म्हणजे परवडणारी घरं. आणि वंशबंदीच्या अटीने काय केलं? काही मुलांना तीस-चाळीस वर्षं खेळातच घेतलं नाही आणि नंतर संगीत थांबायच्या क्षणी आत ढकललं.

हे पटलं की जानेवारीतल्या त्या कार्यक्रमांमधला दुवा आपोआप दिसतो. खुर्च्या किती, हा घरांचा प्रश्न. उभं कोण राहतं, हा वंशाचा.

विद्यापीठांनी केलं काय?

पहिलं काम दफ्तरातलं. वॉशिंग्टन विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक जेम्स ग्रेगरी आणि त्यांचे विद्यार्थी या शतकाच्या सुरुवातीपासून सिॲटलच्या नागरी हक्कांच्या लढ्याची कागदपत्रं गोळा करत होते. त्यात ही जुनी खतं हाती लागली. त्यांनी ती वस्तीवार लावली आणि कोणालाही पाहता येतील अशी खुली केली. सगळ्या राज्यात अशी खतं शोधायचं काम २०२१ मध्ये कायद्यानेच या विद्यापीठाकडे आणि ईस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाकडे सोपवलं. संगणकाने लाखो पानं चाळायची, संशयित पानं माणसांनी वाचायची. स्वयंसेवक, विद्यार्थी, निवृत्त मंडळी असे सगळे बसून वाचत गेले. हजारो घरांवर ही अट सापडली.

या यादीतून कायदा निघाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. २०२३ मध्ये वॉशिंग्टन राज्याने ठरवलं की मालमत्तेच्या दस्तनोंदणीवर १०० डॉलर जादा शुल्क घ्यायचं आणि त्या पैशातून, या अटींमुळे ज्यांचं नुकसान झालं त्या कुटुंबांना पहिलं घर घेताना बिनव्याजी कर्ज द्यायचं. २०२४ च्या जुलैत योजना सुरू झाली. अट अशी की घर घेणारा स्वतः किंवा त्याचे आईवडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांपैकी कोणी एप्रिल १९६८ च्या आधी या राज्यात राहिलेलं हवं. ज्या नोंदणी कचेरीत एकेकाळी वंशबंदीची खतं नोंदवली जायची, तिथेच आता भरपाईचा पैसा जमा होतो. या योजनेला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं आहे.

दुसरं काम गणतीचं. रात्री टॉर्च घेऊन फिरायचं आणि दिसतील ती माणसं मोजायची, ही जुनी पद्धत. गाडीत झोपलेला, झाडीत तंबू ठोकलेला, मित्राच्या गॅरेजमध्ये पडलेला माणूस त्यात सुटतो. समाजशास्त्राचे प्राध्यापक झॅक ऑल्मक्विस्ट यांनी स्थानिक यंत्रणेबरोबर वेगळी पद्धत बसवली. आधी काही बेघर माणसांना रीतसर मुलाखतीला बोलवायचं, वेळेचा मोबदला द्यायचा आणि जाताना हातात कुपनं ठेवायची. ती त्यांनी आपल्या ओळखीच्या बेघरांना द्यायची. कुपन घेऊन नवा माणूस येतो, त्यालाही कुपनं मिळतात. कोण कोणाला ओळखतं याच्या या साखळीवरून एकूण संख्येचा अंदाज गणिताने काढतात. टेबलापलीकडचा माणूस इथे नुसता मोजला जात नाही, त्याला विचारलं जातं. २०२४ मध्ये या पद्धतीने किंग काउंटीत, म्हणजे सिॲटलच्या जिल्ह्यात, १६ हजारांहून जास्त बेघर निघाले.

(या जिल्ह्याच्या नावाचीही एक गोष्ट आहे. मुळात ते विल्यम रूफस किंग या गुलाम बाळगणाऱ्या राजकारण्याच्या नावावरून पडलं होतं. १९८६ मध्ये जिल्हा परिषदेने ठराव केला की यापुढे हा 'किंग' म्हणजे मार्टिन ल्यूथर. २००५ मध्ये राज्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं.)

तिसरं काम सगळ्यांना दिसलं. 'टेंट सिटी ३' ही बेघरांनी स्वतः चालवलेली तंबूंची वसाहत. दर काही महिन्यांनी जागा बदलावी लागते, बहुधा एखादं चर्च आवार देतं. २००५ च्या फेब्रुवारीत सिॲटल युनिव्हर्सिटी या जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या) विद्यापीठाने ही वसाहत आपल्या टेनिस कोर्टवर उतरवून घेतली. २०१२ मध्ये सिॲटल पॅसिफिक या दुसऱ्या विद्यापीठाने जागा दिली आणि २०१६-१७ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन विद्यापीठाने आपल्या वाहनतळावर.

"विद्यापीठाच्या आवारात? मुलांच्या सुरक्षेचं काय?"

पालक म्हणून हा प्रश्न मलाही पडला असता. वसाहतीचे नियम कडक आहेत. दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, मारामारी नाही. आत येणाऱ्याची ओळख तपासतात, पहाऱ्याच्या पाळ्या रहिवासीच वाटून घेतात, नियम मोडला की बाहेर. पहिल्या अनुभवानंतर विद्यापीठांनी दारं बंद केली नाहीत, उलट एकामागून एक विद्यापीठ पुढे आलं.

शिवाय बेघर आणि विद्यार्थी अशा दोन वेगळ्या जाती नसतात. केंद्र सरकारच्या २०२० च्या पाहणीत पदवीच्या सुमारे ८ टक्के विद्यार्थ्यांनी मागच्या तीस दिवसांत आपण बेघर होतो असं सांगितलं. कोणी मित्राच्या सोफ्यावर, कोणी गाडीत. शेजारच्या बाकावरचा मुलगा आंघोळीला जिममध्ये का जातो, हे विचारल्याशिवाय कळत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या परिचर्या विभागाच्या प्राध्यापक जोसेफिन एन्साइन तरुणपणी स्वतः बेघर होत्या. त्यांच्या पुढाकाराने विद्यापीठाच्या वस्तीत बेघर तरुणांसाठी एक कॅफे चालवला गेला. परवडेल ते द्या, नसेल तर देऊ नका. त्याच टेबलांवर विद्यार्थीही जेवायला बसायचे.

"दान ठीक आहे, पण कायदा मोडणाऱ्याला पाठीशी का घालायचं?"

२०२४ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑरेगनमधल्या ग्रँट्स पास गावाच्या खटल्यात ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला: निवाऱ्याची सोय नसली तरी उघड्यावर झोपणाऱ्याला शिक्षा करायला संविधानाची हरकत नाही. तेव्हापासून अनेक शहरांनी दंड आणि अटकेचे नियम केले.

दंडाने काय होतं ते एका उदाहरणावरून कळतं. सिॲटलमध्ये मूळनिवासी समाजातला एक कारागीर आपल्या ट्रकमध्ये राहायचा. कामाची अवजारंही त्यातच. २०१६ मध्ये ट्रक एका जागी जास्त काळ उभा राहिला म्हणून शहराने तो ओढून नेला. सोडवायला पाचशे डॉलरहून जास्त लागणार होते, महिना ५० चा हप्ता बांधून दिला. दरम्यान तो कुठे राहिला? बाहेर जमिनीवर. कामं घेता येईनात, कारण अवजारं ट्रकमध्ये. शहराने दंड केला आणि दंड फेडायचं साधनही काढून घेतलं! २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो ट्रक हेच त्याचं घर, त्याला घराचं कायदेशीर संरक्षण आहे आणि ही वसुली त्याच्या ऐपतीच्या बाहेरची, म्हणून बेकायदा. या विषयाचा पाया घालण्यात सिॲटल युनिव्हर्सिटीच्या कायदा विभागाचाही हात आहे. तिथे प्राध्यापक सारा रँकिन यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी शहराशहरांतले असे दंडाचे नियम गोळा करून अहवाल लिहिले आहेत.

"गोलात बसून बोलल्याने घर मिळतं का?"

नाही मिळत. आणि जे कॉलेज गोलावर थांबतं त्याच्यावरची टीका योग्यच आहे. पण सिॲटलमधल्या घटनांचा क्रम पाहा. आधी कोणीतरी खतं वाचली आणि मोठ्याने वाचून दाखवली. ज्यांच्या आजोबांना दलालाने दारातून परत पाठवलं होतं, त्यांनी ते आठवून सांगितलं. ज्यांच्या आजोबांना घर मिळालं होतं, त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं. १९६४ मध्ये ज्या शहराने 'नको' म्हटलं, त्याच शहराच्या राज्यात २०२३ मध्ये भरपाईचा कायदा पास झाला. मतं अशी आपोआप बदलत नाहीत.

"आपला काय संबंध?"

सिॲटलशेजारच्या बेलव्ह्यू, रेडमंड, कर्कलंड भागात आज मराठी कुटुंबं भरपूर आहेत. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस गोरा नाही असा निकाल दिला होता. म्हणजे 'फक्त गोऱ्यांसाठी' लिहिलेल्या प्रत्येक खताने आपल्यालाही बाहेर ठेवलं होतं. वर सांगितलेल्या भरपाई योजनेत पात्र समाजांच्या यादीत कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूळनिवासी, पॅसिफिक बेटांवरचे लोक, कोरियन यांच्याबरोबर भारतीयांचंही नाव आहे. १९६८ च्या आधीचं वास्तव्य सिद्ध करता येणारी भारतीय कुटुंबं थोडी आहेत, पण नाव आहे. आपल्यापैकी बहुतेक जण त्यानंतर गेले, दार उघडल्यावर. ते उघडायला ज्यांनी रक्त आटवलं त्यांची नातवंडं त्याच शहरात तंबूत आहेत, ही गोष्ट माझ्याने नजरेआड करवत नाही.

बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कळवलं होतं की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा आणि भारतातल्या अस्पृश्यांचा प्रश्न इतका सारखा आहे की त्याचा अभ्यास केलाच पाहिजे.

वॉशिंग्टन राज्यात तुमचं घर असेल, त्यातही ते १९५० च्या आधी पाडलेल्या प्लॉटवर असेल, तर विद्यापीठाने खुल्या केलेल्या नोंदींमध्ये ते शोधून पाहा. अट निघाली तर ती रद्दबातल असल्याचं दुरुस्तीपत्र जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीत देता येतं. जुना कागद फाडला जात नाही, तो इतिहास म्हणून राहतो आणि दुरुस्ती त्याला जोडली जाते. तुमची मुलं तिथे कॉलेजात असतील आणि जानेवारीत गणतीला किंवा त्या गोलात जायचं म्हणाली, तर जाऊ द्या. परत आल्यावर काय ऐकलं ते विचारा.